विश्लेषण : वानराचा फोटो ‘एडिट’ करताना नेमके काय पुसले जाते?

हिवाळ्यातली सकाळ. बांधावरच्या लिंबाखाली, पडक्या गढीच्या भिंतीवर किंवा शाळेच्या पत्र्यावर वानरांची टोळी छाती उन्हाकडे करून बसलेली. जालना जिल्ह्यातल्या अनेक गावांना हे दृश्य नवे नाही. खिशातून मोबाइल निघतो, फोटो काढला जातो आणि पाहणाऱ्याची निराशा होते. रुपेरी अंग छान आलेले असते, पण तोंडाच्या जागी नुसता काळा ठिपका. मग ‘एडिटिंग’ सुरू होते. तोंड उजळते, अंग चांदीसारखे चमकू लागते, वर आलेली विजेची तार पुसली जाते, मागची ठिबकची नळी जाते आणि तिच्या जागी धूसर हिरवे रान येते. काही मिनिटांत हा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर असतो.

फोटो देखणा झालेला असतो, यात शंका नाही. पण जालना हा राज्यात वनक्षेत्र अत्यंत कमी असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. इथले वानर घनदाट रानात राहत नाही. ते मोसंबीच्या बागेत, तुरीच्या पाट्यात, देवळाच्या आवारात, नदीकाठच्या चिंचेवर आणि माणसाच्या छपरावर राहते. तार, नळी आणि पत्रा पुसला की वानर उरते, त्याचा पत्ता मात्र नाहीसा होतो. हा पत्ता शेतकऱ्याला, वनखात्याला, अभ्यासकाला आणि कधी कधी खुद्द त्या वानराला किती उपयोगाचा असतो, हे समजून घेतले तर एडिटिंग कुठे थांबवायचे हेही कळते.

फोटोतला प्राणी नेमका कोणता?

बोलीभाषेत ‘वांदर’ म्हटले की सगळेच आले. प्रत्यक्षात काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, राखाडी-रुपेरी अंगाचे ते वानर किंवा हनुमान लंगूर. आणि लालसर तोंडाचे, तपकिरी अंगाचे ते माकड. मराठवाड्यात गावोगाव दिसते ते प्रामुख्याने वानर. त्याचे पोट अनेक कप्प्यांचे असल्याने कोवळी पाने, शेंगा, कळ्या, कच्ची फळे हे त्याला सहज पचते. हरभरा आणि तूर त्याला का आवडते, याचे उत्तर यातच आहे.

लाल तोंडाच्या माकडांतही दोन जाती आहेत. उत्तर भारतातले ऱ्हीसस माकड आणि दक्षिणेतले टोपी माकड. या दोघांमधली पारंपरिक सीमा तापी आणि गोदावरी या नद्यांच्या आसपास मानली जाते. गोदावरी जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके तिच्या उत्तर तीरावर येतात. म्हणजे हा जिल्हा नेमका या रेषेवर बसलेला आहे. गेल्या काही दशकांत ऱ्हीसस माकडे दक्षिणेकडे सरकत असल्याची आणि टोपी माकडांची जागा घेत असल्याची नोंद भारतीय अभ्यासकांनी केली आहे. त्यामुळे या पट्ट्यात लाल तोंडाचे माकड दिसले, तर त्याचा फोटो ही केवळ गंमत राहत नाही, ती नोंद असते.

ओळखायचे कसे? टोपी माकडाच्या डोक्यावर मधोमध भोवरा असतो आणि केस टोपीसारखे सगळीकडे पसरलेले असतात. शेपूट अंगाइतके किंवा त्याहून लांब. ऱ्हीससचे शेपूट त्या मानाने आखूड, साधारण अंगाच्या निम्मे, आणि कमरेकडचा भाग नारिंगी-लालसर. आता विचार करा: चेहरा ठळक यावा म्हणून फोटो छातीपर्यंत कापला आणि रंग उठावदार दिसावेत म्हणून ‘सॅच्युरेशन’ वाढवले, तर या दोन्ही खुणा गेल्या. शेपूट चौकटीबाहेर आणि कमरेचा रंग खोटा.

शेपटीत काय एवढे?

वानराच्या बाबतीत तर शेपूट ही सहीच आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूणवाल यांनी देशभरातल्या वानरांच्या शेपट्यांचा अभ्यास केला. चालताना शेपूट कसे वळते, यावरून त्यांनी दोन ढोबळ गट केले. उत्तरेकडची वानरे शेपूट पाठीवरून डोक्याच्या दिशेने पुढे वळवतात. दक्षिणेकडची वानरे ते मागे वळवतात. या दोन गटांमधली रेषा त्यांना साधारणपणे तापी-गोदावरीच्या पट्ट्यात आढळली. वानरांच्या जाती किती आणि त्यांच्या सीमा कोणत्या, यावर अभ्यासकांत अजून पूर्ण एकमत नाही. म्हणूनच गोदाकाठच्या गावात, चालत्या वानराचा, बाजूने घेतलेला, शेपटीच्या टोकापर्यंत पूर्ण फोटो मोलाचा ठरतो. तारीख आणि ठिकाणासह तो ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या खुल्या नोंदपटावर टाकता येतो.

चेहऱ्याचा क्लोजअप तर सगळेच काढतात. एक फोटो चेहऱ्याचा, एक शेपटीसह पूर्ण प्राण्याचा आणि एक भोवतालासह दूरून, असे तीन फोटो काढण्याची सवय लावली तर नंतर एडिटिंगच्या टेबलावर हळहळायची वेळ येत नाही.

काळे तोंड कॅमेऱ्याला का जमत नाही?

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरच्या चौकटीतला उजेड मोजतो आणि तो सरासरी मध्यम करड्या छटेवर आणायला बघतो. वानराच्या अंगावर दोन टोके एकत्र असतात: जवळजवळ पांढरे केस आणि कोळशासारखा चेहरा. त्यात वानर छपरावर असेल तर मागे लख्ख आभाळ. कॅमेरा आभाळाला घाबरून सगळा फोटो अंधारवतो आणि तोंड बुडते. उलट, वानर गर्द लिंबाच्या सावलीत बसले असेल तर कॅमेरा सगळे उजळवतो आणि खांद्यावरचे केस पांढऱ्या कागदासारखे कोरे होतात.

यातला महत्त्वाचा भाग असा की, अंधारातला तपशील काही प्रमाणात नंतर वर काढता येतो. पण पूर्ण पांढरा झालेला भाग परत येत नाही, कारण तिथे माहितीच नोंदलेली नसते. म्हणून नियम सोपा आहे. केस जळू द्यायचे नाहीत, तोंड थोडे अंधारे राहिले तरी चालेल. त्यासाठी ‘रॉ’ स्वरूपात फोटो काढणे उत्तम. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ होतात. काळ्या तोंडातल्या सुरकुत्या, पापण्या, ओठांची कड या सगळ्याला जागा मिळते ती या जादा पायऱ्यांत. बऱ्याच नव्या मोबाइलमध्येही ‘प्रो’ मोडमध्ये रॉची सोय असते.

पण कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा वेळ महत्त्वाची. वानराच्या भुवईचे हाड पुढे आलेले असते आणि डोळे खोल. जालन्याच्या दुपारच्या उन्हात त्या भुवईची सावली थेट डोळ्यांवर पडते. मग काहीही केले तरी डोळे मिळत नाहीत. सकाळचे ऊन तिरपे येते, ते डोळ्यांत शिरते आणि बुबुळात उजेडाचा बारीक ठिपका उमटतो. हा ठिपका असला की काळे तोंडही जिवंत दिसते. हिवाळ्यात टोळी स्वतःहूनच उन्हाकडे तोंड करून बसते, त्यामुळे फोटो काढणाऱ्याने सूर्य पाठीशी ठेवून दूर उभे राहायचे, एवढेच काम उरते. बसलेल्या वानरासाठी सेकंदाचा २५०वा भाग पुरतो. उडी पकडायची तर १,०००वा भाग किंवा त्याहून वेगवान शटर हवा.

मग एडिटिंग किती करायचे?

चेहऱ्यापुरता ‘मास्क’ लावून सावल्या थोड्या उचलणे, केसांचा उजेड किंचित उतरवणे, संध्याकाळच्या पिवळ्या झाकेचा तोल सांभाळणे, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढणे, चौकट सरळ करणे. यात गैर काही नाही. डोळ्याला जे दिसत होते आणि कॅमेऱ्याला जमले नाही, ते परत आणण्याचा हा प्रयत्न आहे.

चुका होतात त्या पुढच्या पायरीवर. सावल्या फार उचलल्या की काळे तोंड राखेसारखे होते आणि त्यात निळसर झाक येते. जिवंत प्राणी मातीच्या बाहुल्यासारखा दिसू लागतो. ‘क्लॅरिटी’ आणि ‘शार्पनेस’ ओढले की मऊ केस तारेच्या घासणीसारखे होतात. मोबाइलचा ‘पोर्ट्रेट’ मोड केसांची कड ओळखण्यात हमखास चुकतो आणि कानाभोवतीचे केस कापून टाकतो. एआयवर चालणारी ‘डिनॉइज’ साधने कमी उजेडातला खरबरीतपणा काढतात खरी, पण जिथे केस नोंदलेच गेले नव्हते तिथे अंदाजाने केस रंगवतात. पाहणाऱ्याला ते खरे वाटतात.

आणि तार? ती पुसायची की ठेवायची? वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धांनी याचे उत्तर ठरवून टाकले आहे. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत उजेड, रंग, कातरणी यांत मर्यादित बदल चालतात; फोटोत काही घालणे किंवा काढणे चालत नाही, आणि शेवटच्या फेरीत मूळ रॉ फाइल मागितली जाते. या नियमांमागे कटू अनुभव आहेत. २००९ साली पहिला आलेला, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पुढे बाद झाला, कारण तो लांडगा शिकवलेला असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष निघाला. २०१७ मध्ये गौरवलेला मुंगीखाऊचा फोटो २०१८ मध्ये बाद झाला. प्राणी पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. योगायोग असा, की त्याच २०१८ साली या स्पर्धेचा सर्वोच्च मान माकडांच्या फोटोला मिळाला. मार्सेल व्हॅन ऊस्टेन या डच छायाचित्रकाराने चीनच्या छिनलिंग पर्वतात टिपलेली, दगडावर बसलेली सोनेरी माकडांची जोडी. रान, दगड, उजेड सगळे जागच्या जागी.

भिंतीवर लावायच्या फोटोतून कोणी तार पुसली तर कुणाचे नुकसान होत नाही, हे खरे. पण तोच फोटो बातमीसाठी, नोंदीसाठी किंवा स्पर्धेसाठी पाठवला तर ती फसवणूक ठरते. शिवाय विजेच्या तारांना चिकटून वानरे मरतात, हे गावात कोणालाही विचारा. तारेवरून चालणारे वानर आणि तिच्या पोटाला बिलगलेले पिल्लू, हा तारेसकटच बघायचा फोटो आहे.

लऊळच्या फोटोंनी काय केले?

फोटोभोवतीची कथा बदलली की काय होते, हे गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर बीड जिल्ह्याने पाहिले आहे. माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात २०२१ च्या अखेरीस दोन वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती. काही पिल्ले उंचावरून पडून, काही उपाशी राहून मेली. डिसेंबरमध्ये नागपूरहून आलेल्या वनविभागाच्या पथकाने ती दोन वानरे पकडली. इथवरची गोष्टही गंभीरच होती.

पण तोवर छपरावर पिल्लू घेऊन बसलेल्या वानराची दृश्ये जगभर गेली होती आणि त्यांच्यासोबत एक मथळा गेला होता: कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले म्हणून वानरांनी ‘बदला’ घेतला, २५० कुत्री मारली. प्रत्यक्ष गावात गेलेल्या वार्ताहरांना याहून बरेच लहान आकडे ऐकायला मिळाले. ‘बदला’ हा शब्द तर दृश्यात कुठेच नव्हता. दृश्यात होते ते एवढेच की एका वानराच्या हातात पिल्लू आहे. ते का उचलले, आधी काय झाले, पुढे काय झाले, हे स्थिर फोटो सांगू शकत नाही. मीम बनवणाऱ्यांनी मात्र दोन टोळ्यांचे युद्धच रंगवले.

वानरांच्या टोळीत पिल्लू हातोहाती फिरवणे ही रोजची गोष्ट आहे. नवजात पिल्लाचे अंग गडद आणि तोंड गुलाबी असते, म्हणजे मोठ्यांच्या बरोबर उलट. काही महिन्यांत ते बदलते. हे गडद पिल्लू आईकडून दुसरी मादी घेते, तिच्याकडून तिसरी. त्यातला एकच क्षण टिपून ‘पिल्लू पळवले’ अशी ओळ टाकली की झाले. जांभईचेही तसेच. दात दाखवून मोठी जांभई देणारा नर अनेकदा तणावात असतो किंवा इशारा देत असतो; आपल्याकडे त्या फोटोखाली ‘खदखदून हसणारा वानर’ असे लिहिले जाते. फोटोत एक पिक्सेलही न बदलता तो खोटा करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आता एआयमुळे पिक्सेलही कोरे करकरीत बनवता येतात. पुण्यात बिबट्यांच्या एआयने बनवलेल्या चित्रांनी २०२५ मध्ये घबराट उडवली आणि वनविभागाला खोटी चित्रे पसरवणाऱ्यांना इशारा द्यावा लागला. वानरांबाबत तसे व्हायला वेळ लागणार नाही. ‘वानराचा हल्ला’ अशा एका बनावट चित्रावरून गावाने टोळीवर दगड उचलले, तर त्या टोळीला खुलासा करता येणार नाही.

फोटोसाठी केळे दाखवले तर?

वेरूळ, अजिंठा, दौलताबाद इथे हा प्रकार सर्रास दिसतो. बिस्कीट दाखवायचे, वानर जवळ आले की सेल्फी. वानर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. या कायद्यातली ‘शिकार’ची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही; आमिष दाखवणे, पाठलाग करून हाकणे यांचाही तिच्यात उल्लेख आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते, आणि अधिवासाला धक्का न लावण्याची अट २०२२ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट केली आहे. गावशिवारात परवाना लागत नाही, पण हाताला चावा मिळतो. तसे झाले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवायची आणि लगेच आरोग्य केंद्र गाठून रेबीजच्या लशीबद्दल विचारायचे.

शिवाय रोखून पाहणे ही वानरांच्या भाषेत धमकी आहे, आणि लेन्स म्हणजे एक भलामोठा, न मिटणारा डोळा. कॅमेरा अधूनमधून खाली घेणे, नजर दुसरीकडे वळवणे, पिल्लू असलेल्या मादीला वाट मोकळी ठेवणे आणि फ्लॅश बंद ठेवणे, एवढ्यावर टोळी बहुधा निवांत राहते. वानरे ‘खॅक-खॅक’ करू लागली की समजायचे, आपण फार जवळ आलो आहोत.

सेल्फीवरून आठवण निघालीच आहे, तर एक प्रश्न नेहमी विचारला जातो: माकडानेच बटण दाबले तर फोटो कोणाचा? २०११ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर डेव्हिड स्लेटर या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातून एका माकडाने स्वतःचे फोटो काढले. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये अपिली न्यायालयाने प्राणी स्वामित्वहक्काचा दावा करू शकत नाही असे सांगितले. भारतीय कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी ‘व्यक्ती’. तेव्हा गटावर आलेला वानराचा फोटो ‘माकडाचा’ नसतो आणि ‘सगळ्यांचा’ही नसतो. ज्याने काढला त्याला विचारूनच तो वापरायचा.

शेतकऱ्याने काढलेला फोटो

या जिल्ह्यात वानराचा सर्वांत महत्त्वाचा फोटो बहुधा कुठल्याच स्पर्धेत जात नाही. तो तुटलेल्या मोसंबीच्या फांदीचा, ओरबाडलेल्या हरभऱ्याचा असतो. महाराष्ट्रात वन्यप्राण्यांमुळे झालेल्या पीकनुकसानीच्या भरपाईत माकडांमुळे झालेल्या नुकसानीचाही समावेश आहे. त्यासाठी घटनेनंतर तीन दिवसांच्या आत जवळच्या वन, महसूल किंवा कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी लागते आणि मग संबंधित विभाग पंचनामा करतात. पंचनाम्यापर्यंत फांदी वाळलेली असते, पाऊस पडून गेलेला असतो, पायांचे ठसे मिटलेले असतात. उरतो तो फोटो.

इथे एडिटिंग शून्य हवे. रंग उजळवलेला, कातरलेला, ‘फिल्टर’ लावलेला फोटो पाहून अधिकाऱ्याला शंका आली तर ती गैर म्हणता येणार नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे शेतातूनच, ठिकाणासह पिकाचा फोटो घेण्याची सवय शेतकऱ्यांना झालेलीच आहे. तोच धडा इथे लागू पडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘लोकेशन’ सुरू ठेवायचे. पहिला फोटो असा, की विहीर, गट क्रमांकाचा दगड, शेजारचे घर यांसारखी न हलणारी खूण दिसेल. दुसरा नुकसान झालेल्या ओळींचा. तिसरा जवळून: खाल्लेली शेंग, सोललेली साल, चावून टाकलेले फळ. टोळी अजून शेतात असेल तर तिचाही, मग तोंड काळा ठिपका आले तरी हरकत नाही.

हे फोटो पाठवताना एक चूक जवळजवळ सगळेच करतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्यात दडलेली तारीख, वेळ व ठिकाणाची नोंद निघून जाते. त्याऐवजी जोडणीच्या खुणेवर जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. आणि पंचनामा होऊन भरपाईचा निकाल लागेपर्यंत मोबाइलमधला मूळ फोटो पुसायचा नाही. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, तो पुन्हा मागू शकतात.